पोरांच्या प्रेमाची विनोदी कथा फसते कुठं? या चुका टाळा

कथा वाचायला घेऊन येणाऱ्या पोरांना मी पहिला प्रश्न एकच विचारतो. तुझा नायक दिवसभर करतो काय?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात बसणारी पाच-सहा पोरं लिहिती आहेत. बहुतेकांचा विषय ठरलेला, दोस्त आणि पोरगी. विषय चांगला आहे. आपल्या भागाबद्दल छापून येतं ते कर्जाचं, नापिकीचं. ते खरंच आहे. पण त्याच गावातली पोरं हसतात, रुसतात, रात्री पारावर एकमेकांची टर उडवतात, हेही तितकंच खरं आहे आणि ते कुणीतरी नीट लिहावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून अशी कथा फसली की जिवाला लागतं. फसण्याच्या जागा मात्र दरवेळी त्याच निघतात.

नायकाला कामच नसतं

सकाळी पानठेला, दुपारी पार, संध्याकाळी बसस्टँड. अशा नायकाला अडचण येणार कशी? आणि अडचणच नाही तर हसू कुठून येणार? मग लेखक वाक्यावाक्यात कोट्या घालत बसतो. कथा हसवत नसेल तर कोट्या वाढवू नका, नायकाला कामाला लावा.

हिवाळ्यातली रात्र घ्या. हरभऱ्याला पाणी द्यायचं आहे. कृषिपंपाची थ्री-फेज लाइन पाळीपाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. या आठवड्यात रात्रपाळी आहे. नायक गोधडी पांघरून धुऱ्यावर बसलाय आणि तीन आठवडे रुसलेल्या पोरीचा आज फोन आलाय. बोलणं कुठं जमायला लागतं, तोच शेजारच्या वावरातून दोस्त ओरडतो.

"अबे, लाइन आली!"

"कोणाची बे?"

"मोटरची रे बाप्पा! दुसरी कोणाची येते आपल्याले?"

फोनवर पोरगी विचारते, "कोण ओरडून रायलं?" आता फोन ठेवला तर ती पुन्हा रुसणार, आणि नाही ठेवला तर सकाळी बाप कोरडं वावर पाहणार. मोटरला ऑटो लावला असेल तर ती आपोआप सुरू होईल, पण स्प्रिंकलरचे पाइप अंधारात हातानंच उचलून पुढं न्यावे लागतात. मग तो फोन कानाला खांद्यानं दाबून ओला पाइप उचलतो. पायाखाली चिखल, अंगावर फवारा, आणि तरी आवाज गोड ठेवायचा आहे. इथं लेखकाला एकही कोटी करावी लागत नाही. 'लाइन' हा शब्द आपण विजेलाही वापरतो आणि पोरीकडं पाहण्यालाही, तेवढं भाषेनंच देऊन ठेवलं आहे. पुढं शेजारचा दोस्त काय करतो, यावर कथा उभी राहते. तो स्वतःचं पाणी सोडून ह्याचे पाइप बदलायला आला, तर वाचक त्या दोघांना विसरत नाही.

पोरगी बोलतच नाही

ही सगळ्यांत मोठी चूक आहे. पहिल्या पानावर ती हसते, शेवटच्या पानावर लग्न होऊन जाते, मधे तिच्या तोंडी एक वाक्य नसतं. त्याहून वाईट म्हणजे तिच्या मागं फिरणं हाच कथेचा विनोद होऊन बसतो.

एका कथेत चौघं दोस्त दोन मोटरसायकलींवर शिकवणीहून परतणाऱ्या पोरीच्या सायकलमागं रोज जातात. लिहिणाऱ्याला त्यात गंमत वाटत होती. मी ती वही वाचनालयात येणाऱ्या बारावीच्या एका मुलीला दिली. दुसऱ्या दिवशी वही परत करताना ती म्हणाली, "काका, त्या पोरीनं रस्ता बदलला असता. लांबचा रस्ता पऱ्हाटीतून जाते. संध्याकाळी तिथं कोणीच नसते." एवढंच बोलून ती अभ्यासाला बसली. लिहिणारा पोरगा समोरच होता. त्यानं ती कथा त्याच दिवशी नव्यानं लिहायला घेतली.

मुलीनं नाही म्हटल्यावरही पुन्हापुन्हा मागं जाणं 2013 पासून कायद्यानं गुन्हा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलम 78 आहे आणि पहिल्याच वेळी 3 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण मी कायदा सांगतो तो शेवटी. आधी हे सांगतो की खेड्यात एखाद्या पोरीच्या मागं पोरं लागली असं कानावर आलं की पहिल्यांदा बंद होते ती तिचीच शिकवणी.

उपाय सोपा आहे. कथेतली निदान अर्धी चलाख वाक्यं तिला द्या. ती त्याच्यापेक्षा हुशार असू द्या. आणि तिला तो आवडत नसेल, तर तिचा नकार पहिल्या वाक्यातच त्याला कळू द्या. पुढं दोस्तांनी त्याला सावरताना केलेले घोळ लिहा, ते कितीतरी जास्त हसवतात.

शहरातली भेट गावात आणून चिकटवणं

कॅफे, मेणबत्ती, गुलाब. आमच्या तालुक्यात ज्याला कॅफे म्हणतात तिथं समोसा मिळतो आणि मालक बापाला ओळखतो. खेड्यातली भेट चारचौघांतच होते, आणि तीच तिची मजा आहे. एसटी आहे, लग्नाची पंगत आहे. चांदूरबाजार तालुक्यातली बहिरमची यात्रा आहे, ती डिसेंबरच्या विसाच्या सुमारास सुरू होऊन महिनाभराहून जास्त चालते. पूर्व विदर्भात दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्यांचं केंद्र. नाटक रात्रभर चालतं, घरोघरी पाहुणे येतात आणि त्या मंडपात सोयरिकीसुद्धा जुळतात. तिथं तुमच्या नायकाला तिच्या आजीशेजारी बसवा आणि पहाटेपर्यंत उठू देऊ नका.

एसटीचं उदाहरण बघा. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट लागतं. नायकानं ठरवलंय, आज दोघांचं तिकीट आपण काढायचं. समजा, त्याचं पूर्ण 60 आणि तिचं अर्धं 30. खिशात निघाले 80, आणि मोबाइलला रेंज नाही. कंडक्टर तिच्या मावशीच्या गावचा, तो शांतपणे वाट पाहतो. ती दहाची नोट पुढं करते आणि म्हणते, "दहा राह्यले तुह्याकडं. बुधवारी देजो." पुढच्या सीटवरच्या दोन बाया मागं वळून बघतात. पुढची भेट ठरली, तीही तिनं ठरवली, आणि प्रेमाचा एक शब्द कुणी उच्चारला नाही.

बोली नुसती फोडणीला

'मले-तुले' लावलं की वऱ्हाडी झाली, असं नसतं. वऱ्हाडीत ळ चा य होतो, झाडीबोलीत र होतो. अकोल्याकडचा 'डोया' गडचिरोलीकडं 'डोरा' होतो. कथा कुठली आहे ते आधी ठरवा आणि तिथंच राहा. 'बे' दोस्ताला चालतो. त्याच दोस्ताच्या बापापुढं तो तोंडातून निसटला, तर तो प्रसंग होतो. 'वं' जवळच्या बाईमाणसाला म्हणतात, पहिल्याच भेटीत पोरीला नव्हे.

आणखी एक गोष्ट मला फार खटकते. नायक आणि त्याचे दोस्त बोलीत बोलतात, पण पोरगी मात्र पुस्तकातलं मराठी बोलते, कारण ती 'चांगली' आहे. त्याच गावात वाढलेली, त्याच शाळेत शिकलेली पोरगी घरी 'मले' म्हणत नाही का? बोली हसण्यावारी नेली की वाचक माणसांना हसायला लागतो, आणि ती आपलीच माणसं असतात.

महिन्यांचीही काळजी घ्या. एका कथेत पोळ्याच्या दिवशी कापूस वेचणी सुरू होती. वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास लागते, पहिल्या दिवशी शेतात सीतादहीची पूजा करतात. अशी एक चूक सापडली की गावातला वाचक पुढचं काहीच खरं मानत नाही.

दोस्त सगळे एकसारखे, शेवट घाईचा

एक जाडा, एक चष्मेवाला, एक सतत खाणारा. हे दोस्त नव्हेत. प्रत्येक दोस्ताला स्वतःची एक गरज द्या आणि ती नायकाच्या गरजेवर आदळू द्या.

आमच्याकडच्या एका पोरानं हे फार सुंदर केलं. त्याचा नायक शेती करतो आणि रविवारी पोरगी पाहायला जायचं आहे. पायात घालायला धड काही नाही. दोस्त पोलीस भरतीची तयारी करतो, त्याच्याकडं नवे स्पोर्ट बूट आहेत, एक नंबर लहान. नायक ते घालून जातो. पोरीचा बाप विचारतो, नोकरी काय? हा म्हणतो, सात एकर आहे. बाप गप्प होतो, पोह्यांच्या बशा परत जातात आणि नायक पाय आखडून बसून राहतो. इकडं दोस्त सोमवारी पहाटे डांबरी रस्त्यावर 1600 मीटर अनवाणी धावतो.

शेतकरी पोराला पोरगी मिळत नाही, हे दुःख गावागावांत आहे. या कथेत त्याची टिंगल कुठंच नाही, तरी मी मोठ्यानं हसलो.

पहिल्या खर्ड्यात शेवटी नायकानं मैत्रीवर भाषण केलं होतं. आम्ही दोघांनी बसून ते खोडलं. आता नायक अंधारात बूट परत द्यायला येतो, दोस्त तळपाय चोळत पारावर बसलेला आहे.

"होकार आला का बे?"

"नाही."

"मंग ठेव तुह्याजवयच. पुढच्या रविवारी पुन्हा जा लागन."