अमेरिकेतल्या काउंट्यांच्या जुन्या हद्दी: भरवशाची संदर्भपुस्तकं कशी शोधावीत

केंटकीतलं हॅरड्सबर्ग १७७४ साली वसलं तेव्हा तो मुलूख व्हर्जिनिया वसाहतीच्या फिनकॅसल काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) होता. १७७६च्या अखेरीस फिनकॅसल मोडून तीन काउंट्या झाल्या आणि गाव केंटकी काउंटीत गेलं. १७८०मध्ये तिचेही तीन भाग पडले. गाव लिंकनमध्ये आलं. पुढे १७८५च्या कायद्याने लिंकनमधून मर्सर काउंटी निघाली, ती या गावासकट. केंटकी वेगळं राज्य झालं ते त्यानंतर, १७९२मध्ये. म्हणजे तिथल्या एकाच कुटुंबाची खरेदीखतं आणि मृत्युपत्रं चार काउंट्यांच्या नावांखाली शोधावी लागतात. म्हणून अमेरिकेतला वंशेतिहास किंवा गावाचा इतिहास काढताना दप्तर उघडण्याआधी हद्दींचं पुस्तक हाताशी हवं.

१. गाव आणि तारीख नक्की करा

ब्रिटिश वसाहतींत १७५२पूर्वी नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. जानेवारी-फेब्रुवारीच्या जुन्या नोंदीत आपल्या हिशेबापेक्षा एक साल मागचं दिसेल, हे धरूनच चाला.

२. आधी देशभराचं साधन

शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीचा, जॉन एच. लाँग यांनी संपादित केलेला ‘अ‍ॅटलस ऑफ हिस्टॉरिकल काउंटी बाउंड्रीज’ माझ्या मते पहिला उघडावा. १६२९ ते २००० या काळातला प्रत्येक बदल त्यात तारखेसह आणि कायद्याच्या आधारासह दिलेला आहे. छापील खंड राज्यवार आहेत. नकाशे आणि माहिती ऑनलाइन फुकट मिळते.

थॉर्नडेल आणि डॉलरहाइड यांचा १९८७चा ‘मॅप गाइड’ १७९० ते १९२०च्या जनगणनांसाठी आहे. एकाच नकाशावर तेव्हाच्या आणि आताच्या हद्दी दिसतात, त्यामुळे नवख्याला तो पटकन कळतो. मात्र दोन जनगणनांच्या मधल्या बदलाची नेमकी तारीख त्यातून मिळत नाही, आणि वसाहतकाळासाठी तो कामाचा नाही. राज्याराज्यांमधल्या हद्दींसाठी व्हॅन झँट यांचं भूगर्भ सर्वेक्षण खात्याने १९७६ साली काढलेलं पुस्तक बघा. काउंट्या त्याचा विषय नाही.

३. मग त्या राज्याचं पुस्तक

नॉर्थ कॅरोलायनासाठी कॉर्बिट यांचं १६६३ ते १९४३ या काळावरचं पुस्तक आहे. इतर राज्यांसाठी वर्ल्डकॅटवर (अनेक ग्रंथालयांची एकत्र ऑनलाइन सूची) राज्याच्या नावापुढे ‘बाउंड्रीज’ किंवा ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह अँड पोलिटिकल डिव्हिजन्स’ हा विषय टाकून शोधा. नुसतं ‘हिस्टरी’ टाकलंत तर ढीगभर भलतंच समोर येतं.

४. पुस्तक पारखून घ्या

पुस्तक व्हर्जिनियाचं असेल तर ऑगस्टा काउंटीचं पान काढा. कायदा झाला १७३८ला, पण कारभार सुरू झाला १७४५मध्ये; मधल्या वर्षांचे कागद ऑरेंज या मूळ काउंटीत. जे पुस्तक या दोन्ही तारखा वेगळ्या देतं, ते विश्वासाचं. एकच साल देऊन पुढे जाणाऱ्या पुस्तकावर विसंबू नका, नकाशे कितीही देखणे असोत.

नामांतर आणि विभाजन यांतला फरक पुस्तक दाखवतं का, हेही बघा. कुलाब्याचं रायगड झालं तसं व्हर्जिनियातल्या डन्मोर काउंटीचं १७७८मध्ये शेनानडोआ झालं. ती विभागणी नव्हती.

शंका आली तर थेट कायदा वाचा. हेनिंग यांनी व्हर्जिनियाचे कायदे १३ खंडांत छापले (१८०९ ते १८२३) आणि ते इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. हद्दीचं वर्णन नदी, डोंगर, ओढा असं असतं, म्हणून शेजारी जुना नकाशा उघडून ठेवा.

५. वादाचा मुलूख असेल तर दोन्ही बाजू

पिट्सबर्गच्या आसपासच्या भागावर पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनिया दोघांनीही हक्क सांगितला होता. पेनसिल्व्हेनियाने १७७३मध्ये वेस्टमोरलँड काउंटी केली, तर व्हर्जिनियाने त्याच बाजूला १७७६मध्ये योहोगेनिया. एकाच राज्याची पुस्तकं पाहिलीत तर तिथल्या निम्म्या नोंदी हाती लागणारच नाहीत. योहोगेनियाचं नाव आजच्या नकाशावर नाही, तेव्हा तिचा शोध व्हर्जिनियाच्या पुस्तकांतच घ्या.