तिठ्यावरचा ईडिपस: ग्रीक शोकांतिका गावच्या जत्रेत बसवायची तर

आमच्या अंत्रुज महालात, म्हणजे गोव्यातल्या फोंडा भागात, जत्रा म्हटली की मराठी नाटक आलंच. संगीत झाली, ऐतिहासिक झाली, आणि चार वर्षांपूर्वी मी ग्रीक नाटककार सोफोक्लीसचं ‘राजा ईडिपस’ बसवायला घेतलं. गोष्ट थोडक्यात: थीब्जचा राजा ईडिपस आधीचा राजा लायस याच्या खुन्याचा तपास करतो, आणि शेवटी कळतं की खुनी तोच, लायस त्याचा बाप आणि त्याची राणी जोकास्टा ही त्याची आई. तालमींचा पहिला महिना फुकट गेला, तो माझ्याच अकलेने. तुमचा जाऊ नये म्हणून लिहितो.

मी काय केलं, तर पहिल्याच दिवशी देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरायच्या जागेत, भिंतीला कागद डकवला: ‘नायकाचे दोष: राग, गर्व, उतावीळपणा.’ कॉलेजात परीक्षेला असंच लिहीत होतो. झालं! ईडिपस करणारा आमचा पोरगा पहिल्या एन्ट्रीलाच डोळे वटारून आला. प्रसंग काय? थीब्ज नगरीत रोगराई, लोक हातात फांद्या धरून राजाच्या दारात बसलेत, राजा त्यांना ‘लेकरांनो’ म्हणत बाहेर येतो. आणि आमचा राजा लेकरांवर खेकसतोय. शिवाय त्याने शेवट वाचलेला, त्यामुळे मधूनच चेहरा सुतकी.

तेव्हा पहिलं काम, तो दोषांचा कागद फाडा. ॲरिस्टॉटलचा शब्द आहे ‘हामार्तिया’. त्याचं मूळ क्रियापद भाला फेकणाऱ्याचा नेम चुकण्यासाठीही वापरत. दुष्टपणामुळे नव्हे, अशा एखाद्या चुकीमुळे माणूस सुखातून दुःखात पडतो, एवढंच तो म्हणतो. त्याचा ‘स्वभावदोष’ आपल्या गाइडांनी केला. नटाला सांगायचं ते असं: तुझा हात स्थिर आहे, नेम नीट धरलेला आहे, फक्त समोर जे दिसतंय ते ते नाही. ईडिपसला राग येतो, टायरेसियस या आंधळ्या द्रष्ट्यावर येतो, मेहुण्यावर, क्रेऑनवर येतो, नाही म्हणत नाही. पण त्याला खड्ड्यात नेतो तो त्याचा चांगला गुण. सुरुवात केलेला तपास तो अर्धवट सोडत नाही.

दुसरं काम वहीचं. प्रत्येक पात्राला एक पान द्या आणि कुठल्या प्रवेशात त्याला काय ठाऊक आहे तेवढंच लिहा. ग्रीक प्रेक्षकाला गोष्ट आधीच पाठ होती, आपल्याला रामायण पाठ असतं तशी. मंचावरच्यांना ती ठाऊक नाही, सगळी गंमत त्या फरकात. हे नीट कळायचं तर जोकास्टाचा प्रवेश घ्या. ती नवऱ्याची समजूत घालतेय की भविष्यवाण्या खोट्या असतात: लायसला म्हणे मुलाच्या हातून मरण होतं, पण त्याला तर लुटारूंनी मारलं, तीन रस्ते मिळतात तिथे. तिच्या लेखी ‘तीन रस्ते’ हे नुसतं ठिकाण. ते शब्द तिने सहज टाकून पुढे जायचं. ईडिपस मात्र तिथेच अडकतो. कुठला रस्ता? किती वर्षं झाली? दिसायला कसा होता तो?

आमच्या नटीने ‘तीन रस्ते’वर जोर दिला आणि प्रवेश मेला. मग मी तिथे ‘तिठा’ शब्द घातला. गोव्यात तिठा म्हटलं की वेगळं सांगावं लागत नाही. उतारा टाकायची जागा, रात्री कुणी थांबत नाही. शब्द आपसूक काम करतो, नटीने काही करायची गरज नाही. तिठ्यावरची मारामारीही नटाकडून एकदा प्रत्यक्ष करून घ्या, नाटकात ती फक्त सांगायची असली तरी. गाडीवाला रस्त्यातून ढकलतो, हा त्याला मारतो, गाडीतला म्हातारा वरून डोक्यात पराणी हाणतो, हा काठीने त्याला खाली लोळवतो. वाटेवरचं भांडण, फोंड्याच्या बाजारात पार्किंगवरून होतं तसलं. त्यात ‘बाप’ कुठेच नाही.

आता नियती. तालमीत ‘नशीब’ हा शब्द बंद करा, नट कपाळाला हात लावायला लागतो. ग्रीक शब्द ‘मोइरा’, म्हणजे वाट्याला आलेला हिस्सा. हे मला नीट उमगलं ते अग्रशाळा झाडायला येणाऱ्या आजींमुळे. ईडिपस डेल्फीला, अपोलो देवाचा कौल मिळतो तिथे, जातो तो ‘माझे आईबाप कोण?’ हे विचारायला. अपोलो त्याचं उत्तर देतच नाही, भलतंच सांगतो: बापाला मारशील, आईशी लग्न करशील. आजी झाडू थांबवून म्हणाल्या, “मग परत विचारायचं होतं की! कौल एक मागितला आणि दुसराच मिळाला तर कुणी असं उठून जातं?”

खरंच आहे. आपल्याकडे डावा प्रसाद झाला, म्हणजे देवाने नकार दिला, तर गाऱ्हाणं घालतात, पुन्हा पाकळ्या लावतात, देवाशी बोलणं चालू राहतं. ईडिपस दुसरा प्रश्न न करता जिथे वाढला त्या कॉरिंथकडे पाठ फिरवून चालू लागतो, ज्यांना आईबाप समजतो त्यांना वाचवायला. नेम चुकला तो इथे, आणि भल्या हेतूने. आपला प्रेक्षक विचारणारच, ‘मागच्या जन्मीचं पाप काय?’ सोफोक्लीसने तो हिशोब दिलेला नाही. मी सूत्रधाराच्या तोंडी पूर्वसंचितावर चार ओळी घातल्या होत्या, रंगीत तालमीला त्या कापल्या. तुम्ही घालूच नका.

सोफोक्लीसचंच ‘अँटिगनी’ करणार असाल, ज्यात राजा झालेला क्रेऑन भावाच्या प्रेताला माती देणाऱ्या अँटिगनीला गुहेत कोंडतो, तर क्रेऑनसाठी एवढंच: कोरस, म्हणजे मंचावरचा नागरिकांचा समूह, त्याला सांगतो, आधी पोरीला गुहेतून सोडव, मग प्रेताला मूठमाती दे. तो घाबरून दोन्ही करतो, पण उलट्या क्रमाने.

मध्यंतर शक्यतो नकोच. जत्रेत खाजे विकणाऱ्यांनी आमच्याकडे तक्रार केली, करू द्या. आणि घ्यायचंच तर तिठ्याच्या प्रवेशानंतर नको.

शेवटी डोळे फोडून घेतलेला ईडिपस बाहेर येतो, कोरस विचारतो, कुठल्या देवाने तुला हे करायला लावलं? तो म्हणतो, अपोलोने, पण घाव घालणारा हात माझाच. ही ओळ एका श्वासात गेली पाहिजे. ‘अपोलोने’नंतर थांबलात तर प्रेक्षक तिथेच टाळी देऊन मोकळा होतो, आणि ‘माझाच’वर जोर दिलात तर ते कीर्तन होतं. आमच्या पोराला श्वास पुरेना. तो दम घ्यायला थांबला की प्रॉम्प्टरला वाटायचं विसरला, आणि तो विंगेतून ‘हात! हात!’ ओरडायचा. शेवटी प्रयोगाच्या रात्री त्या पानापुरता मी प्रॉम्प्टरला चहा आणायला पाठवला.