अलर्ट आलाय आणि तुम्ही मुंबईत आहात? आतल्या शांत जागा अशा निवडा

तिकिटं काढून झालेली असतात, हॉटेलचे पैसे परत मिळणार नसतात आणि नेमका त्याच दिवशी मोबाईलवर पावसाचा ऑरेंज अलर्ट येतो, नाहीतर कुणीतरी बंद पुकारतं, नाहीतर बातम्याच अशा असतात की घरून सारखे फोन. मग बरेच जण सरळ मॉल गाठतात. मला ते अजिबात पटत नाही, डोकं आधीच बातम्यांनी भरलेलं, त्यात तिथली गाणी आणि फूड कोर्टचा गोंगाट, सोबत आईवडील असतील तर ते तासाभरात दमतात.

सगळ्यात आधी परतीचा रस्ता ठरवा, जागा मग. म्हणजे हॉटेल फोर्ट-चर्चगेटकडे असेल तर त्याच भागात काहीतरी बघा, अंधेरीहून उगाच भायखळा करू नका. रेड अलर्ट म्हणजे 24 तासांत 204.4 मिमीपेक्षा जास्त पावसाची शक्यता, तेव्हा तर हॉटेलातच थांबा प्लीज, 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पडला होता, तो दिवस मुंबईकर अजून विसरलेले नाहीत. ऑरेंज किंवा यलो असेल तर भरतीची वेळ बघा, ती रोज जाहीर होते. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि त्याच वेळी जोराचा पाऊस असला की गटारांचं पाणी समुद्रात जाऊच शकत नाही, ते रस्त्यावर तुंबतं, हिंदमाता, सायन, कुर्ला, मिलन सबवे ही नेहमीची ठिकाणं. त्या दोन-तीन तासांत प्रवासात नसायचं, आत कुठेतरी बसलेलं असायचं, एवढं जमवलंत की अर्धी काळजी गेली.

मेट्रो 3 जमिनीखालून जाते म्हणून बिनधास्त राहू नका, 26 मे 2025 ला आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरलं होतं. निघायच्या आधी चालू आहे ना ते बघा.

आता जागा. माझी पहिली पसंती छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, काळा घोड्याजवळ, चर्चगेटहून चालत जाता येतं. 1922 ला लोकांसाठी उघडलं, त्याआधी पहिल्या महायुद्धात याच इमारतीत लष्करी हॉस्पिटल होतं, म्हणजे वाईट दिवस या भिंतींनीही बघितलेत. सगळं बघायच्या मागे लागू नका, लघुचित्रांचं दालन घ्या, मीरपूरखासच्या मातीच्या बुद्धमूर्ती बघा, मुलं असतील तर प्राणी-पक्ष्यांचा विभाग, आणि मध्ये मध्ये बसा. एका दिवशी एकच ठिकाण, हे मी ठासून सांगेन.

फार छोटं, शांत काही हवं असेल तर गावदेवीतलं मणिभवन. 1917 ते 1934 गांधीजी मुंबईत आले की इथेच उतरायचे, वरच्या मजल्यावर त्यांची खोली आहे, चरखा आहे, खाली ग्रंथालय. ग्रँट रोड स्टेशन जवळ पडतं. पण जिने आहेत, गुडघे दुखणाऱ्यांना आधी विचारा.

भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही सुंदर, जुन्या मुंबईतल्या लोकांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती बघत राहाव्यात अशा, फक्त ते राणीबागेच्या आवारात आहे, वाऱ्यात झाडांखाली रेंगाळू नका. बुधवारी बंद असतं. काळा घोड्याजवळचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद. आणि अशा दिवसांत नेहमीच्या वेळा अचानक बदलतात, म्हणून सकाळी फोन करूनच निघा.

एलिफंटा अशा दिवशी नकोच, बोट बंद झाली तर अडकाल. गोराईचा विपश्यना पॅगोडा आतून खूपच शांत आहे, पण बोटीने जायचा विचार असेल तर तोही हवा मोकळी झाल्यावर.

बंद किंवा तणाव असेल तर आत शिरताना सिक्युरिटीवाल्या काकांना बाहेरची परिस्थिती विचारा, त्यांना बातम्यांच्या आधी कळतं. मोठ्या बॅगा हॉटेलवर ठेवा, पाणी, गोळ्या, पॉवरबँक, थोडी कॅश जवळ असू द्या. फोनवरच्या बातम्या तासातून एकदा बघा, आणि ते काम ग्रुपमधल्या एकाकडेच द्या, बाकीच्यांनी निवांत बघावं. पाणी तुंबलं, झाड पडलं तर महापालिकेचा 1916 नंबर, तो सगळ्यांच्या फोनमध्ये आधीच सेव्ह करून ठेवा.