‘अमायलॉइड आढळलं नाही’ लिहिण्याआधी: काँगो रेड करताना या चुका टाळा

पाठीच्या वरच्या भागात काळपट, लाटालाटांचा पट्टा. बायॉप्सीच्या फॉर्मवर ‘मॅक्युलर अमायलॉइडोसिस?’ असा प्रश्न, म्हणजे त्वचेत अमायलॉइड या असामान्य प्रथिनाचा साठा होऊन हा डाग पडलाय का? आणि आपल्या रिपोर्टमध्ये मात्र ‘अमायलॉइड आढळलं नाही’. असे कितीतरी रिपोर्ट चुकीचे निघतात, कारण या प्रकारात साठाच मुळी कणभर असतो. तो एपिडर्मिसच्या (त्वचेच्या वरच्या थराच्या) लगत खाली, पॅपिलरी डर्मिसमध्ये असतो आणि एच अँड ई या रोजच्या रंगवणीत फिकट गुलाबी दिसतो. घाईत नजर सहज त्यावरून पुढे सरकते. शेजारी मेलॅनिन गिळलेल्या पेशी दिसल्या, की तिथेच थांबा आणि हाय पॉवर लावा. तरीही काही नसेल तर ब्लॉक (मेणात बसवलेला नमुना) आणखी आत कापायला सांगा.

खरा घोळ मायक्रोटोमवर, म्हणजे ब्लॉकचे पातळ काप (सेक्शन) पाडणाऱ्या यंत्रावर होतो. रोजचे सेक्शन 3 ते 5 मायक्रॉनचे, आणि सवयीने काँगो रेड या अमायलॉइड ओळखायच्या रंगासाठीही तेवढेच कापले जातात. त्याला 8 ते 10 मायक्रॉन लागतात. पातळ सेक्शनमध्ये पोलराइज्ड (एकाच दिशेत कंपणाऱ्या) प्रकाशात दिसणारी अमायलॉइडची हिरवी चमक इतकी मंदावते, की थोडा साठा असेल तर तो दिसतच नाही. कंट्रोलही (अमायलॉइड नक्की असलेला, तुलनेसाठीचा नमुना) त्याच जाडीचा, नुकता कापलेला आणि त्याच बॅचमध्ये रंगवलेला हवा. महिनोन् महिने कपाटात पडलेली कंट्रोल स्लाइड काढून समाधान मानू नका.

दुसरी चूक नेमकी उलटी. जादा रंग नीट उतरवला नाही, तर कोलॅजनही (त्वचेतले नेहमीचे तंतू) लाल दिसतं आणि आपण खूश होतो. नुसता लाल रंग म्हणजे अमायलॉइड नव्हे! पोलराइज्ड प्रकाशात कोलॅजन पांढरट, चंदेरी चमकतं. अमायलॉइड सफरचंदी हिरवं. खोलीतला दिवा बंद करा, मायक्रोस्कोपचा प्रकाश पूर्ण वाढवा, स्टेज फिरवून बघा. उन्हाने खराब झालेल्या त्वचेत इलास्टिक तंतूही रंग धरतात, आणि कोलॉइड मिलियम (त्वचेवरचे पिवळट दाणे) तर हुबेहूब फसवतं.

थायोफ्लेविन टी हा दुसरा, चमकणारा (फ्लोरोसंट) रंग संवेदनशील आहे, पण केवळ त्याच्या चमकेवर निदान करू नये.

साठा सापडला, की तो कुठे आहे ते रिपोर्टमध्ये जरूर लिहा. मॅक्युलर (सपाट डागांच्या) आणि लायकेन (खाजऱ्या पुळ्यांच्या) प्रकारात तो केराटिनपासून बनतो, म्हणून सीके 5/6 (केराटिन ओळखणारी तपासणी) लावून खात्री करता येते. तिथे नुसतं ‘अमायलॉइडोसिस’ लिहून मोकळं होऊ नका. पेशंट इंटरनेटवर हृदय-किडनीचं वाचून हादरतो. साठा रक्तवाहिन्यांच्या भिंतींत किंवा घामाच्या ग्रंथींभोवती असेल, तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांना फोनच करा, कारण आजार शरीरभर असू शकतो. नोड्युलर (गाठींच्या) प्रकारात अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी शोधा, कप्पा-लॅम्डा (अँटिबॉडीच्या दोन साखळ्यांची तपासणी) करा. बेसल सेल कार्सिनोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) आसपास दिसलेला साठा बहुधा दुय्यमच, म्हणजे त्या गाठीमुळेच झालेला असतो.

बायॉप्सी पाठवणाऱ्यांना दोनच विनंत्या: खाजवून सोललेली जागा टाळा, आणि पेशंट आंघोळीला नायलॉनची घासणी वापरतो का, तेवढं फॉर्मवर लिहा, कारण सततच्या घासण्यानेही असा साठा होऊ शकतो.