ठाण्यात दुचाकीसाठी स्वस्त आणि टिकाऊ रेनकोट कसा निवडावा

ठाणे-नवी मुंबईत रोज दुचाकीवरून कामाला जाणाऱ्याला जाड, अस्तराचं महागडं बाईक जॅकेट लागत नाही. आपल्याकडे खरा त्रास दोनच गोष्टींचा, पाणी आणि वारा. पाणी आणि वारा दोन्ही अडवेल असा एक पातळ, नीट शिवलेला रेनसूट घ्या आणि ऊब आतल्या कपड्यांतून मिळवा. तोच सूट जूनमध्ये रेनकोट म्हणून चालतो आणि जानेवारीत विंडचीटर म्हणून.

आधी पँट बघा

बहुतेक लोक दुकानात जॅकेट घालून आरशात बघतात आणि पँट घडी न उघडताच घरी नेतात. भिजायला सुरुवात मात्र पँटमधूनच होते. सीटवर पाणी साचतं, त्यावर आपलं वजन येतं आणि पाणी दाबाने शिवणीतून आत शिरतं. शिंपी ज्याला आसन म्हणतात, त्या दोन पायांमधल्या जागी चार शिवणी एकत्र येतात. सगळ्यात आधी फाटते ती हीच जागा.

पँट उलटी करून उजेडात धरा. प्रत्येक शिवणीवर आतून बोटभर रुंदीची टेप चिकटवलेली दिसली पाहिजे. तिचा कोपरा नखाने हलकेच उचलून बघा, सुटत असेल तर ती पँट ठेवून द्या. उलटसुलट घालायच्या रेनकोटांत आतली शिवण बऱ्याचदा झाकलेली असते, म्हणजे ही तपासणी करताच येत नाही. मी ते घेऊ नका असंच सांगेन.

पायाशी चेन आहे का तेही पाहा. मोठी चेन असेल तर बूट न काढता पँट चढवता येते. एरवी बुटावर प्लास्टिकची पिशवी चढवून पाय घाला, सरकन जातो. याला महत्त्व आहे, कारण माजिवडा किंवा तीन हात नाक्याच्या पुलाखाली चालू रस्त्यातच गाड्या उभ्या करून रेनकोट चढवणारी गर्दी दर पावसाळ्यात दिसते आणि मागून येणाऱ्या ट्रकला ती ऐन वेळी दिसते. आभाळ भरलेलं असेल तर पँट घरूनच घालून निघा.

कापड कोणतं घ्यावं

पीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा, सूट साधारण पाचशे ते आठशे रुपयांत मिळतो. पाणी थेंबभर आत येत नाही, पण घामही बाहेर जात नाही. ठाण्याच्या दमट हवेत अर्ध्या तासात पाठ ओली होते आणि रेनकोट गळतोय असं वाटतं. गळती ओळखणं सोपं आहे. ती एकाच जागी ओली खूण करते, घाम पाठीवर आणि काखेत सगळीकडे पसरतो. वागळे इस्टेट किंवा नौपाड्यात जवळच जायचं असेल तर पीव्हीसी पुरतं.

घोडबंदर रोडवरून किंवा विटाव्यामार्गे ऐरोली-महापेला जायचं असेल तर आतून कोटिंग आणि जाळीचं अस्तर असलेला पॉलिएस्टरचा सूट घ्या. त्याला साधारण बाराशे ते दोन हजार रुपये पडतात. लेबलवर कधी 5000 मिमी असा आकडा असतो. त्या उंचीचा पाण्याचा स्तंभ कापड पेलतं, असा त्याचा अर्थ. जॅकेटला तेवढं चालतं, पँटला जास्त असलेलं बरं. आकडाच नसेल तर कापड ओठांना लावून जोरात फुंका. हवा पलीकडे गेली तर पाणीही जाणार.

गाडीवर बसून माप घ्या

जांभळी नाक्यावर घ्या किंवा वाशीच्या सेक्टर 17 मध्ये, दुकानदाराला सांगून बाहेर उभ्या गाडीवर बसून बघा. हात हँडलला गेले की बाही तीन-चार इंच वर सरकते, गुडघे वाकले की पँट. मनगट आणि घोटा उघडा पडत असेल तर एक साइज मोठा घ्या. पण फार ढगळही नको. पँटचा सैल पाय सायलेन्सरला टेकला की वितळतो आणि गाडीच्या चेनमध्ये अडकला तर माणूस पडतो. याच कारणासाठी दुचाकीवर पाँचो, म्हणजे डोक्यावरून घालायचा सैल बिनबाह्यांचा रेनकोट, कधीही घालू नका.

जॅकेटच्या चेनवर बाहेरून वेल्क्रोची पट्टी हवी आणि कॉलर उंच हवी, कारण हेल्मेटवरचं पाणी थेट मानेत उतरतं. जॅकेटची टोपी हेल्मेटच्या आत कोंबू नका. हेल्मेट सैल बसतं आणि मान वळवली तरी बाजूचं नीट दिसत नाही. टोपी काढता येत असेल तर उत्तम.

रंग भडक पिवळा किंवा नारिंगी घ्या. मुसळधार पावसात गायमुख घाटात काळा किंवा गडद निळा रेनकोट मागच्या चालकाला दिसतच नाही. पाठीवरची चमकणारी पट्टी सॅकखाली झाकली जाते, म्हणून सॅकचं कव्हरही भडक रंगाचंच असू द्या.

घरी आल्यावर पाण्याची चाचणी

बिल जपून ठेवा. पँटचं आसन खोलगट धरून त्यात पेलाभर पाणी ओता, खाली कोरडा कागद ठेवा आणि बोटाने खालून शिवण दाबत राहा. दहा मिनिटांत कागद ओला झाला तर लगेच बदलून आणा. जॅकेटच्या काखेलाही हीच चाचणी करा.

थंडीत

जानेवारीत पहाटे पारा 15-16 अंशांवर येतो. ऐरोलीच्या खाडीपुलावर किंवा पाम बीच रोडवर गाडी पन्नासच्या वेगाने असेल तर वाऱ्याने तो गारठा आणखी बोचतो. स्वेटरमधून वारा आरपार जातो. अंगाला पूर्ण बाह्यांचा बनियन, त्यावर पातळ स्वेटर आणि वरून हाच रेनकोट घातला की नव्या जॅकेटचा खर्च वाचतो. हातमोजे मात्र घ्याच, बोटं गारठली की ब्रेक उशिरा दाबला जातो. पावसात हातमोज्यांची कड बाहीच्या आत आणि पँट बुटांच्या वर, नाहीतर दोन्हीत पाणी भरतं.

टिकवायचा असेल तर

ओला रेनकोट स्कूटरच्या डिकीत कोंबून ठेवू नका. इंजिनची धग आणि ओल मिळून कोटिंग चिकट होतं आणि सोलायला लागतं. घरी आलात की उलटा करून सावलीत हँगरवर टांगा. धुवायचा तर हाताने, सौम्य साबणाने, ब्रश न मारता. इस्त्री अजिबात नको. टेप एखाद्या जागी सुटली तर शिवणीला लावायचं सीलर ट्यूबमध्ये मिळतं, ते लावून रात्रभर वाळू द्या. सॅकचे पट्टे घासून खांद्यावरचं कोटिंग गेलं असेल किंवा आतून पांढरा भुगा पडत असेल, तर दुरुस्तीवर पैसे घालू नका. तो सूट गाडी पुसायला ठेवा आणि नवा मे महिन्यातच घ्या, कारण पाऊस सुरू झाला की दुकानांत मनासारखं माप उरत नाही.