साधी माती, रक्तमिश्रित माती

न्यायसहायक विज्ञानात, म्हणजे फॉरेन्सिक सायन्समध्ये, एमएस्सी करून पहिल्यांदा घटनास्थळी गेले, तेव्हा रक्ताने भिजलेला शर्ट मी सरळ प्लास्टिकच्या पिशवीत घालायला निघाले होते. शेजारी उभे असलेले हवालदार म्हणाले, "मॅडम, कुजेल ना ते!" ओलं रक्त प्लास्टिकमध्ये घामेजतं, बुरशी धरतं आणि डीएनएची वाट लागते. शेवटी शर्ट सावलीत वाळवून खाकी कागदात बांधला. परीक्षेत हेच उत्तर मी बरोबर लिहिलं होतं, बरं का.

त्याच दिवशी अंगणातली रक्त सांडलेली माती मी उचलली, तर त्यांनी थोड्या अंतरावरची स्वच्छ मातीही वेगळ्या पुडीत घ्यायला लावली. पंचनाम्यांत 'रक्तमिश्रित माती' आणि 'साधी माती' ही जोडी तुम्हाला सारखी भेटेल. कॉलेजातलं कंट्रोल सॅम्पल ते हेच. साधी माती हाताशी नसेल, तर तपासणीत दिसलेलं काय रक्तातून आलं आणि काय मुळात मातीतच होतं, हे सांगायचं कसं?

टीव्हीवर एकच माणूस ठसे घेतो, रक्त तपासतो आणि आरोपीलाही पकडतो. आपल्याकडे जागा तपास अधिकाऱ्याच्या, म्हणजे आयओच्या ताब्यात असते. पंचांसमोर पंचनामा तो करतो आणि जप्त झालेल्या वस्तू 'मुद्देमाल' होतात. ठशांचं काम ठसेतज्ज्ञाचं. जागेवर सापडलेल्या ठशाला 'चान्स प्रिंट' म्हणतात. तो उचलून होईपर्यंत ग्लास, कपाटाची मूठ, काहीही हाताळू नका. मी एकदा बोलणी खाल्ली आहेत. शवविच्छेदन डॉक्टर करतात. प्रयोगशाळेत येतो तो व्हिसेरा, म्हणजे मृताच्या आतल्या अवयवांचे तुकडे, विषाच्या तपासणीसाठी मिठाच्या संपृक्त द्रावणात. तो फॉर्मालिनमध्ये (अवयव टिकवायच्या रसायनात) आला तर रसायनवाल्यांचं डोकं फिरतं.

पोलीस म्हणतील, "माल सीएला पाठवला." सीए म्हणजे केमिकल अॅनालायझर. हिशेब तपासणारा नव्हे! प्रयोगशाळेच्या अहवालाला आजही सर्रास 'सीए रिपोर्ट' म्हणतात.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये ७ वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. राज्यांना ती लागू करायला ५ वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. त्यामुळे नुसत्या प्रयोगशाळेच्या टेबलावर नोकरी होईल या भ्रमात राहू नका.

आणि लेबलं. गुन्हा क्रमांक, वस्तू, कुठून घेतली, तारीख, वेळ, पंचांच्या सह्या, वर लाखेचं सील. सुरुवातीला हे मला कारकुनी काम वाटायचं. पुढे साक्षीला उभी राहिले, तेव्हा डीएनएबद्दल वकिलांनी एक प्रश्न विचारला आणि पुडीबद्दल अकरा: सील कोणी केलं, कुणासमोर केलं, रात्री पुडी कुठे होती.