घोड्याचा खोकला: आधी ताप मोजा, मग वैरण भिजवा

तबेल्यातला घोडा खाताना किंवा झाडलोटीच्या वेळी खोकतो, नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव येतो, तेव्हा बहुतेकदा कारण वैरणीतली धूळ असते.

१. गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप मोजा. विश्रांतीत ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस ठीक. त्याहून जास्त असेल तर काम बंद, डॉक्टरांना बोलवा.

२. वाळलेलं गवत अर्धा तास पाण्यात पूर्ण बुडवा, निथळून लगेच घाला. उरलेलं ठेवू नका, उन्हाळ्यात ते काही तासांत आंबतं. वरून पाणी शिंपडून भागत नाही, आतली धूळ कोरडीच राहते. बुरशी आलेली पेंढी भिजवूनही देऊ नका.

३. वैरण उंच जाळीत टांगू नका, जमिनीलगत ठेवा. मान खाली गेली की श्वासनलिकेतला कफ आपोआप बाहेर येतो.

४. घोडा बाहेर काढूनच तबेला झाडा.

स्राव घट्ट, पिवळा-हिरवा असेल, जबड्याखाली गाठ असेल किंवा नाकात जखमा दिसत असतील तर घोडा ताबडतोब वेगळा बांधा, बादलीही वेगळी. हा ग्लँडर्स, म्हणजे घोड्यांचा जिवाणूजन्य संसर्गजन्य रोग, असू शकतो आणि तो माणसालाही होतो. हातमोज्यांशिवाय नाक पुसू नका.